‘करायला’मधला ‘ला’ आणि इंग्रजीतला ‘टु’

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकली. आता ती बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात गिऱ्हाइकांना मेल लिहायचं काम करते. परवा तिच्या एका मेलमधल्या तीन वाक्यांखाली साहेबांनी लाल रेघा ओढल्या. पहिलं वाक्य, ‘वी मेड द ऑपरेटर टु चेक द कास्टिंग्ज अगेन’. दुसरं, ‘वी डिस्कस्ड अबाउट द रिजेक्शन’. तिसरं, ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’. चूक काय ते सांगितलं, पण का चूक ते सांगितलं नाही. ती पुढे विचारते, ‘लेट’नंतर मी कधीच ‘टु’ लावत नाही, मग ‘मेक’नंतरच तो माझ्या हातून का पडतो?

हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर त्यातच आहे. बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांना मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि संध्याकाळी नोकरदारांचे वर्ग घेतले. ‘मेड मी टु’ ही चूक प्रत्येक बॅचला भेटते आणि ‘लेट मी टु’ ही मराठी मुलांकडून क्वचितच. त्यामुळे निष्काळजीपणाची शंका मनातून काढून टाका. तुम्ही मराठीचा नियम इमानदारीने पाळलात, फक्त तो इंग्रजीत पाळलात.

दोन वाक्यं मराठीत म्हणून बघा. ‘मी त्याला तपासायला लावलं.’ ‘मी त्याला तपासू दिलं.’ पहिल्यात क्रियापदाला ‘ला’ चिकटला आहे, दुसऱ्यात नाही. हा ‘ला’ म्हणजे ‘बेळगावला’, ‘आईला’ यांतलाच चतुर्थीचा ‘ला’. ‘करायला’ हे ‘करावयाला’चं आखडलेलं रूप, आणि जुन्या पुस्तकी मराठीत त्याच जागी ‘करावयास’ असा ‘स’ येई. ‘लावणे’ला पुढचं क्रियापद ‘ला’सकट हवं असतं. ‘देणे’ला ते नुसतं, उकार लावलेलं चालतं: जाऊ दे, बसू दे, राहू दे. आपल्या डोक्यात ‘ला’ म्हणजे ‘टु’ अशी गाठ फार लहानपणी बसते. ‘टु बेळगाव’ म्हणजे बेळगावला, ‘टु ईट’ म्हणजे खायला. म्हणून ‘तपासायला लावलं’ हे तोंडातून ‘मेड हिम टु चेक’ होऊन बाहेर पडतं आणि ‘तपासू दिलं’ हे आपोआप ‘लेट हिम चेक’ होतं.

याचा पडताळा मला वर्गातच मिळाला. घरी कन्नड बोलणारी मुलं ‘लेट मी टु गो’ असंही म्हणतात. कारण आपल्याकडच्या कन्नडमध्ये ‘जाऊ दे’ला ‘होगाक बिडु’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘जायला सोड’. तिथे चतुर्थी आहे, म्हणून त्यांच्याकडे ‘टु’ येतो. ‘मेक’च्या बाबतीत मात्र दोघं एकाच खड्ड्यात पडतात. आपण म्हणतो ‘वाचायला लाव’, ते म्हणतात ‘ओदाक हच्चु’. हा ‘हच्चु’ म्हणजे अगदी आपला ‘लावणे’: ‘दीपा हच्चु’ म्हणजे दिवा लाव. दिवा लावायचा, अभ्यासाला लावायचं, दोन्हीकडे एकच क्रियापद, दोन्ही भाषांत. एका गल्लीत राहून भाषा एकमेकींचं किती घेतात ते यात दिसतं. आपण बेळगावकर ‘मी काम केलो’ म्हणतो तेही त्यातलंच. पुण्याचा माणूस चमकतो, पण कन्नडमध्ये क्रियापद कर्त्यालाच धरून चालतं आणि ती सवय आपल्या मराठीत मुरली आहे. मला त्याची लाज कधी वाटली नाही. जी सवय मराठीत चालून जाते, ती इंग्रजीत कुठे आडवी येते एवढंच बघायचं.

आता इंग्रजीच्या बाजूने. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘गाणे’ याची दोन रूपं होती: नुसतं ‘सिंगान’ आणि दुसरं ‘टो सिंगेन्ने’. त्या दुसऱ्यात ‘टो’ हे दिशा दाखवणारं शब्दयोगी अव्यय होतं आणि पुढच्या क्रियापदाला चतुर्थीचा प्रत्यय होता. म्हणजे हुबेहूब आपलं ‘गायला’. पुढे शेवटचे प्रत्यय झिजून गेले, ‘सिंगान’चंही ‘सिंग’ उरलं आणि ‘सिंगेन्ने’चंही ‘सिंग’च उरलं. फरक सांगायला राहिला तो एकटा ‘टु’. बहुतेक क्रियापदांनी ‘टु’वालं रूप उचललं. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘विल’, ‘लेट’, ‘सी’, ‘हिअर’ अशा रोजच्या वापरातल्या थोड्या जुन्या क्रियापदांनी मात्र नुसतं रूपच धरून ठेवलं. ‘मेक’ बराच काळ दोन्हीकडे होतं. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रात ‘ही मेकेथ मी टु लाय डाउन’ असंच आहे. तेव्हा तुमचं वाक्य त्या काळी कुणालाही खटकलं नसतं. आज मात्र ‘टु’ काढायचाच: ‘वी मेड द ऑपरेटर चेक द कास्टिंग्ज अगेन’.

पण एक जागा अशी आहे की जिथे ‘मेक’नंतर तो जुना ‘टु’ अजून जिवंत आहे, आणि ही जागा शाळेत नीट शिकवली जात नाही. वाक्य कर्मणी झालं की ‘टु’ परत येतो. ‘दे मेड अस वेट’ म्हणजे त्यांनी आम्हाला थांबवून ठेवलं. ‘वी वेअर मेड टु वेट’ म्हणजे आम्हाला थांबायला लावलं गेलं. ‘सी’, ‘हिअर’ यांचंही तसंच: ‘ही वॉज सीन टु लीव्ह अर्ली’. ‘लेट’ मात्र असं वळत नाही. ‘आय वॉज लेट टु गो’ असं कुणी म्हणत नाही, तिथे शब्दच बदलून ‘आय वॉज अलाउड टु गो’ करावं लागतं. तक्रारीच्या मेलमध्ये ही रचना तुम्हाला रोज लागेल, म्हणून मोठ्याने दहा वेळा म्हणून जिभेवर बसवा.

‘मेक’च्या शेजारी ‘हॅव’ आणि ‘गेट’ बसतात, आणि ऑफिसच्या इंग्रजीत खरं काम हीच करतात. ‘मेड’मध्ये जबरदस्ती आहे. ऑपरेटरच्या मानेवर बसून काम करून घेतलं असा त्याचा वास येतो. ज्याचं ते कामच आहे त्याच्याकडून करून घेतलं, एवढंच सांगायचं असेल तर ‘वी हॅड द ऑपरेटर चेक देम अगेन’. इथेही ‘टु’ नाही. समजूत घालून, मागे लागून करून घेतलं तर ‘वी गॉट द सप्लायर टु रिप्लेस देम’, आणि इथे ‘टु’ हवाच. अर्थ एकमेकांच्या इतके जवळ असताना एकाला ‘टु’ लागतो, दुसऱ्याला नाही. याला नियम शोधत बसू नका. ‘हॅड हिम चेक’, ‘गॉट हिम टु चेक’ अशी जोडी पाठ करा. तुमच्या मेलमध्ये मी ‘मेड’च्या जागी ‘हॅड’ घातलं असतं. गिऱ्हाइकाला तुमच्या ऑपरेटरवर ओरडल्याचं कळायची गरज नाही.

‘हेल्प’चं सोपं आहे. ‘हेल्प मी लिफ्ट इट’, ‘हेल्प मी टु लिफ्ट इट’, दोन्ही बरोबर. बोलताना ‘टु’ गाळतात. मात्र ‘हेल्प मी लिफ्टिंग’ नको.

बघण्या-ऐकण्याच्या क्रियापदांवर मला जरा थांबायचं आहे, कारण तिथे ‘टु’पेक्षा मोठी गोष्ट हुकते. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटाजवळचा एक दुकानदार माझ्याकडे एकदा कागद घेऊन आला. गेटावर झालेल्या अपघाताबद्दल त्याला विम्यासाठी इंग्रजीत दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या. त्याने लिहिलं होतं, ‘आय सॉ द मॅन क्रॉसिंग द ट्रॅक’. मी विचारलं, ‘तुम्ही त्याला पलीकडे पोचलेला बघितलात, की तो मधे असताना तुमची नजर गेली?’ तो म्हणाला, ‘नाही हो बाई, पलीकडं गेलेला बघितलो की. मग परत आला फोन उचलायला, तेव्हा लागलं.’ म्हणजे त्याला ‘आय सॉ द मॅन क्रॉस द ट्रॅक’ लिहायला हवं होतं. नुसतं रूप घातलं की क्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली असा अर्थ होतो. ‘क्रॉसिंग’ घातलं की ती चालू असताना पाहिली, शेवट माहीत असेल-नसेल. मराठीत आपण दोन्हीला ‘ओलांडताना पाहिलं’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे ‘ताना’ म्हणजे ‘इंग’ असं डोक्यात बसतं आणि नुसतं रूप सुचतच नाही. त्या कागदावर त्या एका ‘इंग’मुळे साक्षीचा अर्थ बदलत होता. तेव्हापासून मी प्रत्येक वर्गात हा धडा पहिल्या आठवड्यातच घेते.

बाकी फुटकळ जागा भराभर सांगते. ‘हॅड बेटर’ आणि ‘वुड रादर’ यांच्यानंतर ‘टु’ नाही: ‘यू हॅड बेटर कॉल देम टुडे’. ‘व्हाय’ने सुरू होणाऱ्या छोट्या प्रश्नांत नाही: ‘व्हाय वेट?’ ‘ऑल वी डिड वॉज चेंज द मोल्ड’ यात आधी ‘डू’ आलेलं असल्यामुळे गाळलेला चालतो. ‘सजेस्ट मी टु गो’ हे तर आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ‘सजेस्ट’ला माणूस आणि ‘टु’ असं लागत नाही. ‘ही सजेस्टेड दॅट वी चेंज द सँड’ म्हणायचं, आणि तो ‘चेंज’ कुणीही केलं, कधीही केलं, तरी नुसताच राहतो.

मग मराठीवरून अंदाज बांधता येतो का? काही अंशी येतो. ‘करू शकतो’, ‘करू दे’, ‘करू नको’, ‘करू नये’ या सगळ्यांत उकार आहे आणि इंग्रजीतही चौघांना नुसतं रूपच लागतं. आपल्याकडच्या ‘काय करूलालास?’ म्हणजे ‘काय करतो आहेस?’ यातही मला ‘करू’ आणि ‘लाग’ हेच दोन शब्द ऐकू येतात. पण ‘करू इच्छितो’, ‘करू पाहतो’ इथे इंग्रजी ‘टु’ मागते: ‘विश टु’, ‘ट्राय टु’. उलट्या बाजूने ‘करायला सांगितलं’, ‘करायला आलो’, ‘करायला विसरलो’ इथे ‘ला’ला ‘टु’ बरोबर बसतो. फसवतात ती ‘करायला लावलं’ आणि ‘करायला हवं’, आणि अधूनमधून ‘करायला मदत केली’. एवढी तीन नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीत तर ‘ला’ बाकी कुठे फारसा दगा देत नाही.

आता दुसरी लाल रेघ, ‘डिस्कस्ड अबाउट’. ‘टॉक अबाउट’ बरोबर, ‘स्पीक अबाउट’ बरोबर, मग ‘डिस्कस’नेच काय घोडं मारलं, असं कुणालाही वाटेल. यावर मी बरीच वर्षं ‘अपवाद आहे, पाठ करा’ एवढंच सांगत होते. मग एकदा मुलांच्या चुका एका पाठकोऱ्या कागदावर लिहून काढल्या: ‘डिस्कस अबाउट’, ‘एंटर इन’, ‘मॅरी विथ’, ‘डिमांड फॉर’, ‘ऑर्डर फॉर’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘एम्फसाइझ ऑन’. शेजारी मराठी लिहिलं: चर्चा करणे, प्रवेश करणे, लग्न करणे, मागणी करणे, ऑर्डर देणे, विनंती करणे, भर देणे. यादी समोर आली आणि उलगडा झाला. आपल्याकडे यांतलं एकही साधं क्रियापद नाही. प्रत्येक ठिकाणी एक नाम आहे आणि त्याला ‘करणे’ किंवा ‘देणे’ जोडलं आहे. नामाला स्वतःचं अव्यय लागतं: कशाबद्दल चर्चा, कशात प्रवेश, कुणाशी लग्न, कशावर भर. इंग्रजीतही नामाला ते लागतंच: ‘अ डिस्कशन अबाउट’, ‘अ डिमांड फॉर’, ‘अ रिक्वेस्ट फॉर’, ‘एम्फसिस ऑन’. पण इंग्रजी क्रियापद ते अव्यय पोटात घेऊन बसलेलं असतं: ‘वी डिस्कस्ड द रिजेक्शन’, ‘दे डिमांडेड अ रिफंड’, ‘शी मॅरीड अ टीचर’. आपण नामाचं अव्यय क्रियापदाला चिकटवतो. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मी नाम लिहिते आहे की क्रियापद? नाम असेल तर अव्यय ठेवा. या यादीतलं क्रियापद असेल तर खोडा.

याच्या बरोबर उलटा घोळ ‘लिसन म्युझिक’, ‘वेट द बस’ अशा चुकांत होतो. ऐकणे, शोधणे, मागणे ही मराठीत एकेका शब्दाची सरळ क्रियापदं. गाणं ऐकलं, किल्ली शोधली, पैसे मागितले, मधे काहीच नाही. इंग्रजीत इथे क्रियापद एकटं पुरत नाही: ‘लिसन टु’, ‘लुक फॉर’, ‘आस्क फॉर’. खानापूरच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला ‘वेटिंग फॉर द बस’च म्हणावं लागतं. ‘फॉर’ गेला तर वाक्य अर्धवट तुटतं. ‘लुक’ तर पुढच्या शब्दाप्रमाणे रंगच बदलतं. ‘लुक अॅट’ म्हणजे बघ, ‘लुक फॉर’ म्हणजे शोध, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळ. म्हणून शब्दार्थांच्या वहीत एकटं ‘लुक’ कधी लिहू नका, सोबत्यासकट लिहा.

हे अन्यायकारक वाटत असेल तर आपली मराठी एखाद्या परक्या माणसाच्या नजरेने बघा. आपण कुत्र्याला घाबरतो, भावावर रागावतो, शेजाऱ्याशी भांडतो आणि मित्राला हसतो. ‘ला’, ‘वर’, ‘शी’ यांचं कारण आपल्याला कुणी सांगितलं नाही. ऐकून ऐकून जोड्या बसल्या. इंग्रजीतही ‘अफ्रेड ऑफ’, ‘अँग्री विथ’, ‘गुड अॅट’ तशाच बसवायच्या. ‘डिपेंड ऑन’ आणि आपलं ‘वर अवलंबून’ जुळतं, पण तो योगायोग समजा आणि त्या भरवशावर ‘अँग्री ऑन’ करू नका.

‘मला सांगितलं’मधला ‘ला’ही असाच जपून वापरायचा आहे. ‘टोल्ड मी’, ‘गेव्ह मी’, ‘शोड मी’ यांना मधे काही नको. ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘अनाउन्स’ यांना माणसाआधी ‘टु’ हवा: ‘ही एक्स्प्लेन्ड द ड्रॉइंग टु मी’. पहिली क्रियापदं छोटी, इंग्रजीच्या घरातली जुनी आहेत. दुसरी लॅटिन आणि फ्रेंचकडून आलेली, लांब. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा हा फरक उपयोगी पडतो.

आता तिसरी रेघ. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण इथे तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअर’मध्ये तुम्ही ‘टु’ला क्रियापदाचा ‘टु’ समजलात, ‘ऐकायला’मधला ‘ला’ समजलात. तो तो नाही. हा ‘बेळगावला’मधला ‘ला’ आहे, निव्वळ शब्दयोगी अव्यय, ‘लुक फॉरवर्ड’चा कायमचा सोबती. अव्ययानंतर नाम येतं, आणि क्रियापद आणायचंच असेल तर त्याला ‘इंग’ लावून नाम करावं लागतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘टु’नंतर एखादी वस्तू ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’ बसतं, म्हणजे तो अव्यय आहे, मग ‘हिअरिंग’. ‘वाँट टु युअर रिप्लाय’ बसत नाही, म्हणजे तिथे ‘वाँट टु हिअर’. ‘यूज्ड टु’ हे दोन्हीकडचं आहे, त्याच्याशी सावध राहा. ‘आय यूज्ड टु ट्रॅव्हल बाय बस’ म्हणजे पूर्वी जात असे. ‘आय अॅम यूज्ड टु ट्रॅव्हलिंग बाय बस’ म्हणजे बसने जायची सवय आहे. तुम्ही रोज खानापूरहून येत असाल तर दुसरं वाक्य तुमचं. खोली घेऊन बेळगावातच राहायला आला असाल तर पहिलं.

तेव्हा मेल असा करा: ‘वी हॅड द ऑपरेटर चेक द कास्टिंग्ज अगेन. वी डिस्कस्ड द रिजेक्शन विथ द सप्लायर अँड गॉट हिम टु रिप्लेस द लॉट. वी लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू.’ मधलं सप्लायरचं मी माझ्या मनाने घातलं आहे, तसं झालं नसेल तर काढून टाका. आणि साहेबांनी पुन्हा कुठे रेघ ओढली तर ते वाक्य मला तसंच्या तसं पाठवा, दुरुस्त न करता.